अकरा डावे हात

फार पूर्वी समुद्राकाठी एक भरभराटीचं बंदर होतं. तिथे गलबतांतून दालचिनी यायची, रेशीम यायचं, आणि कधीकधी दूरदेशीचा एखादा लढवय्याही उतरायचा. असे तीन लढवय्ये तिथे उतरले ते परत गेलेच नाहीत. गावचा एक वस्ताद आधीपासून होताच. म्हणून बंदरामागच्या मोठ्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार आखाडे उभे राहिले.

वस्तादाच्या तालमीत तांबडी माती होती. तिच्यात ताक, तेल आणि हळद कालवलेली असायची. पोरं पहाटे जोर-बैठका मारून मातीत उतरायची. दुसरा आखाडा मलबारातून आलेल्या गुरुक्कलांचा, म्हणजे तिकडच्या काठीच्या गुरूंचा. तो जमीन खणून खोल केलेला, पायऱ्या उतरून आत जायचं. तिथे शिष्य अंगाला तेल चोळून आधी हत्तीसारखं, मग रानडुकरासारखं, मग सिंहासारखं वाकायला शिकत. काठी हातात मिळायची ती वर्षभराने. तिसरा होता सयामी गुरूचा. त्याची पोरं केळीच्या खोडावर नडग्या मारून मारून त्या दगडासारख्या करत, आणि गुडघ्या-कोपरांनी लढत. चौथ्या कोपऱ्यात एक चिनी म्हातारा राहायचा. तो नव्या शिष्याला सहा महिने घोड्यावर बसल्यासारखं नुसतं उभं करायचा, मांडीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवून. वाटी सांडली की पुन्हा पहिल्यापासून.

कोणाची विद्या मोठी यावरून चौघे आयुष्यभर भांडले. पण एक खूण चारही ठिकाणी सारखीच होती. पडलेल्याने जमिनीवर दोनदा थाप मारली, की पकड सोडायची. तिथे वाद नव्हता.

मैदानाच्या कडेला म्हाळसाबाई राहायची. ती हाडवैदीण होती. निसटलेला खांदा, मुरगळलेला घोटा, मोडलेलं बोट, सगळे तिच्या ओसरीवर यायचे. बांबूच्या कामट्या, हाडसांधीच्या वेलाचा लेप आणि दोन हात, एवढंच तिचं सामान. पण ते हात असे होते की पोरगा ओरडायला तोंड उघडेपर्यंत हाड जागेवर बसलेलं असायचं. आलेला कुठल्या आखाड्याचा हे तिला विचारावं लागत नसे. कान फुटून पुरीसारखा फुगलेला म्हणजे तांबड्या मातीचा. नडगीवर टेंगळं म्हणजे सयामी. प्रत्येक विद्या अंगावर आपली सही करते, असं ती म्हणायची.

तिची मुलगी येसू. वीस वर्षांची, चपळ, बापाविना वाढलेली, आणि आईपेक्षा हट्टी.

मग एका वर्षी त्या गावात पाचवा आखाडा आला.

तो उघडला वज्रगुरूने. उंच, देखणा माणूस, आवाज नगाऱ्यासारखा. तो सांगायचा, "मी बारा देश हिंडलो. कुस्ती शिकलो, मलबारी काठी शिकलो, सयामी कोपर शिकलो, चिनी हात शिकलो. या चौघांकडे एकेक तुकडा आहे. माझ्याकडे अख्खी भाकरी आहे." आणि खरं सांगायचं तर त्याला येतही होतं. पहिल्याच दसऱ्याला राजासमोरच्या लढतींत त्याच्या शिष्यांनी चारही आखाड्यांना चीत केलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. राजा खूश झाला. आईबाप पोरांना घेऊन वज्रगुरूच्या दारात रांगा लावू लागले. येसूही वस्तादाची तालीम सोडून तिकडे गेली.

वज्रगुरूच्या आखाड्याला उंच भिंत होती, आणि दार आतून बंद असायचं. "विद्या ही गुप्त गोष्ट आहे," तो म्हणायचा. लोक माना डोलवायचे. कोणाच्याही मनात आलं नाही की विद्या गुप्त ठेवायची, तर ओरडण्याचे आवाज का गुप्त ठेवायचे?

पहिला पोरगा आला तेव्हा म्हाळसाबाईने विचार केला नाही. डाव्या हाताचं, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, करंगळीकडच्या बाजूचं हाड मोडलं होतं.

"काय झालं रे?"

"सरावात पडलो, मावशी."

तिने हाड बसवलं, कामट्या बांधल्या, महिन्या-दीड महिन्याने हात मोकळा केला आणि पोरगा परत गेला. मग दुसरा आला. तेच हाड, तीच जागा. "सरावात पडलो, मावशी." मग एक विणकराची मुलगी आली. तेच हाड. "सरावात पडले, मावशी." चौथ्या वेळी म्हाळसाबाईचे हात मध्येच थांबले. पडणारा माणूस तळहात टेकतो. मग मनगट मोडतं, नाहीतर खांदा निसटतो. चार जण चार वेळा पडले आणि चौघांचं एकच हाड एकाच जागी मोडलं? आणि चौघांच्या तोंडी शब्दही तेच, जणू पाठ करून घेतल्यासारखे?

तिने आपला डावा हात उचलून डोक्यावर आडवा धरून पाहिला. वरून काठी आली आणि माणसाने डोकं वाचवायला हात असा धरला, तर काठी नेमकी तिथेच बसते.

तिने हात खाली घेतला आणि राहिलेल्या कामट्या बांधल्या.

पण ऐका, आता जे सांगतो ते म्हाळसाबाईला आवडणारं नाही, तरी खरं आहे. ती गप्प बसली. पाचवा आला, सहावा आला. तिने हाडं बसवली. आपण बोललो तर पोरं यायची बंद होतील आणि मोडक्या हातांनीच राहतील, असं तिने मनाला समजावलं. येसूचं काय होईल, हेही मनात होतंच. दोन वर्षांत अकरा जण झाले. ती इतकं छान हाड जोडायची की बाहेर कोणाला पत्ताही लागत नसे. वज्रगुरूने मोडायचं आणि हिने जोडून पुन्हा त्याच्या हाती द्यायचं, असं ते रहाटगाडगं चाललं.

मग कोंडू तिसऱ्यांदा आला.

कोंडू कुंभाराचा पोरगा, सतरा वर्षांचा. त्याचं ते हाड आधी दोनदा जुळवलेलं होतं. या वेळी बाप बरोबर होता. हात बांधताना म्हाळसाबाईचं लक्ष पोराच्या पायांकडे गेलं. दोन्ही घोट्यांवर बोटांचे निळे वळ होते. कोणीतरी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले होते.

"कोंडू, थाप मारली नाहीस का जमिनीवर?"

कोंडू पहिल्यांदाच वेगळं काही बोलला. "आमच्यात थाप नसते, मावशी."

"गप रे!" बाप मध्ये पडला. "बाई, तुम्ही हाड बसवा. येत्या दसऱ्यानंतर पोरगा राजाच्या पहाऱ्यात लागणार आहे."

"आणखी एकदा हा हात मोडला तर याच्याने चाकावर माती उभी राहणार नाही."

"त्याला आता चाक कशाला फिरवायचंय?" बाप म्हणाला आणि अभिमानाने हसला. हसला! पोरगा वेदनेने ओठ चावत होता आणि बाप हसत होता.

म्हाळसाबाईने कामट्या बांधल्या, हात धुतले आणि थेट वस्तादाच्या तालमीत गेली.

"वस्ताद, तिकडे पोरांना काठीने मारतात. पाय धरून मारतात."

वस्तादाने माती चाळायची थांबवली. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. त्याला माहीत होतं!

"बाई," तो खाली बघत म्हणाला, "दुसऱ्याच्या आखाड्यातलं आपण बोलू नये. आमच्यात तसा रिवाज आहे."

"पोरांची हाडं मोडतायत आणि तुम्ही रिवाज सांगता?"

"मी बोललो तर लोक म्हणतील, हरला म्हणून जळतो."

ती गुरुक्कलांकडे गेली. त्यांनी हात जोडले आणि विषय तिच्या गुडघेदुखीवर नेला. सयामी गुरू म्हणाला, "त्याची मुलं जिंकतात, बाई." चिनी म्हाताऱ्याने तिला बसवलं, चहा दिला, आणि ती बोलत होती तेवढा वेळ आपल्या पेल्यात बघत राहिला.

चार आखाडे, शेकडो डाव, आणि एकालाही तोंड उघडण्याचा डाव येईना! लढवय्ये म्हणे. रोज सकाळी जमिनीला नमस्कार करून विद्येची शपथ घेणारे म्हणे. या चौघांपेक्षा म्हाळसाबाईच्या ओसरीवरची मांजर बरी, पिलाला हात लावला की फिस्कारते तरी.

दसरा दोन दिवसांवर आला. राजाने दवंडी पिटवली की वज्रगुरूला राजगुरू करणार, चारही आखाडे त्याच्या हाताखाली जाणार, आणि गावातलं बारा वर्षांवरचं प्रत्येक मूल त्याच्याकडे शिकणार.

त्या गावात एक जुनी रीत होती. राजगुरू नेमण्याआधी भर मैदानात पाच जणांना विचारायचं. चार गुरूंना विचारायचं, "याची विद्या खरी?" आणि हाडवैदिणीला विचारायचं, "याच्या हाती पोरं सुखरूप?" पाचांनी "होय" म्हणायचं, की राजा शाल घालायचा. कधी कोणी "नाही" म्हटल्याचं कोणाच्या आज्यालाही आठवत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी येसू ओसरीवर बसून हाताला बांधायच्या पट्ट्या गुंडाळत होती. म्हाळसाबाई तिच्यासमोर येऊन बसली.

"येसू, उद्या मला विचारतील. खरं काय ते सांग."

"काय सांगायचंय? चुकतो त्याला गुरुजी शिकवतात."

"काठीने?"

"कच्चं लोखंड ठोकावंच लागतं, आई."

"हे बोलणं तुझं नाही. हे त्याचं आहे."

येसू उसळली. "त्याचं तर त्याचं! दोन वर्षं घाम गाळलाय मी. उद्या मी राजाच्या पहाऱ्याची नाईक होणार. तुला फक्त एक शब्द म्हणायचाय, ‘होय’. सगळं गाव म्हणणार आहे. तू एकटी काय म्हणून वेगळी?"

म्हाळसाबाईने तिचा हात हातात घेतला. मुलीची बोटं तिने बोटांनी चाचपली. आखूड, जाड पेरांची, आईसारखीच. कोंडूच्या घोट्यांवर आखूड बोटांचे वळ होते.

"कोंडूचे पाय कोणी धरले होते, येसू?"

येसूने हात सोडवून घेतला. पट्टी गुंडाळायची राहून गेली.

म्हाळसाबाई तिथेच बसून राहिली. आधी तिला मुलीचा राग आला, मग गुरूचा आणि वस्तादाचा. शेवटी ज्याचा राग यायचा राहिला होता त्याचा आला, स्वतःचा. अकरा जणांची हाडं या हातांनी बसवली होती. चौथ्याला ओळखल्यावरही हेच हात गप्प बसले होते.

दसऱ्याला मैदान फुलून गेलं. मध्ये राजा, शेजारी प्रधान. वज्रगुरूचे पन्नास शिष्य एका रांगेत, अंगात सारखे पांढरे सदरे, सगळ्यांत पुढे येसू. शस्त्रांची पूजा झाली. प्रधानाने विचारलं, "याची विद्या खरी?"

वस्ताद म्हणाला, "खरी." गुरुक्कल म्हणाले, "खरी." सयामी गुरू आणि चिनी म्हाताऱ्यानेही तेच म्हटलं. ते खोटंही नव्हतं, कारण विद्या त्याला येतच होती.

राजाने शाल हातात घेतली. प्रधानाने सवयीने विचारलं, "हाडवैदीणबाई, याच्या हाती पोरं सुखरूप?"

"नाही," म्हाळसाबाई म्हणाली.

शाल राजाच्या हातात तशीच राहिली. मागच्या लोकांनी पुढच्यांना विचारलं, "काय म्हणाली?" आणि एकच गलका झाला. रांगेत उभ्या येसूचा चेहरा पांढरा पडला.

वज्रगुरू हसला. "महाराज, आखाडा म्हटला की हाड मोडायचंच. लेप लावणाऱ्या बाईला विद्येतलं काय कळणार?"

"तिला काय कळतं ते बघू," प्रधान म्हणाला. त्याने तिच्या डोळ्यांवर उपरणं बांधायला लावलं आणि चार तरुण तिच्यापुढे आणून उभे केले.

म्हाळसाबाईने पहिल्याच्या कानाला हात लावला. "वस्तादाचा. आणि याने यंदा कान झाकायची पट्टी बांधायचा कंटाळा केलाय." दुसऱ्याची पाठ आणि मांड्या चाचपल्या. कातडी मऊ होती आणि एकेक शीर मोकळी. "गुरुक्कलांचा. गुरूने पायांनी तेल रगडल्याशिवाय असं अंग होत नाही." तिसऱ्याच्या नडगीला बोट लागताच म्हणाली, "सयामी." चौथ्याची मांडी दाबून म्हणाली, "हा उभं राहून राहून झालेला पाय आहे. चिनीबाबांचा. पोरा, डाव्या पायावर जास्त भार देतोस."

लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हाळसाबाईने उपरणं ओढून काढलं आणि कडाडली, "टाळ्या कसल्या वाजवता? हा काय डोंबाऱ्याचा खेळ आहे?"

तिने रांगेतून कोंडूला हाताला धरून पुढे आणलं. त्याच्या दंडापासून बोटांपर्यंत कामट्या बांधलेल्या होत्या.

"हे हाड इथे मोडलंय. असे अकरा हात मी दोन वर्षांत बांधले. डावाच हात, हेच हाड, हीच जागा. तुम्ही चौघांनी आत्ता सांगितलंत ना, याची विद्या खरी? मग मला शिकवा. वस्ताद, तुमच्या कुठल्या डावात हे हाड असं मोडतं?"

वस्तादाच्या कपाळावर घाम आला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, आणि त्याचे स्वतःचे शिष्यही. "आमच्यात खांदा उतरतो," तो हळू म्हणाला. "बरगडी जाते. बोट जातं. हे हाड... नाही. कुठल्याच डावात नाही."

"गुरुक्कल?"

"काठीचा वार आम्ही काठीवर घेतो," गुरुक्कल म्हणाले. "ज्याच्या हातात काठी आहे त्याचं हे हाड मोडत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याचं मोडतं."

सयामी गुरूने नाही अशी मान हलवली.

चिनी म्हातारा काठी टेकत उठला. "पहिल्याच महिन्यात आम्ही शिकवतो," तो म्हणाला, "वरून वार आला की बाजूला व्हायचं. हे लहान मुलालाही येतं. त्या वाराखाली तोच राहतो, ज्याला कोणी हलू देत नाही." मग तो वज्रगुरूकडे न बघता म्हणाला, "मला माहीत होतं. मी चहा पीत बसलो."

आता वज्रगुरूचं हसू गेलं. हरायची त्याला सवय नव्हती, आणि बाईकडून तर नव्हतीच. "पुरे झालं!" तो गरजला. त्याने कमरेची वेताची काठी उपसली आणि म्हाळसाबाईच्या अंगावर धावून जात ती डोक्यावर उगारली. "खाली बस, बाई!"

काठी खाली आली नव्हती. कोणाला लागलीही नव्हती. पण मागे उभ्या पांढऱ्या रांगेत डावे हात झटकन वर गेले आणि डोक्यांवर आडवे झाले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. ती काठी वर गेली की हात वर जातोच, तसे गेले. एक, दोन, तीन... लोक मोजायला लागले. दहा झाले. अकरावा पुढे आणलेला कोंडू. त्याने कामट्या बांधलेला हात उचलायचा प्रयत्न केला आणि कळवळून खाली बसला.

कुठूनतरी एका आईचा हुंदका ऐकू आला.

वज्रगुरूने मागे वळून पाहिलं. ते हात पाहून तरी त्याला लाज वाटावी! पण नाही. त्याला आपल्या शिष्यांचाच राग आला. "हात खाली!" तो ओरडला. "येसू, या बाईला बाजूला कर!"

येसू रांगेतून पुढे आली. तिचा हात वर गेला नव्हता, कारण तिच्यावर काठी कधी आलीच नव्हती. ती बाकीच्यांचे पाय धरत होती. तिने एकदा त्या वर गेलेल्या हातांकडे पाहिलं. मग ती आईच्या आणि गुरूच्या मध्ये उभी राहिली, गुरूकडे तोंड करून.

"बाजूला हो!" म्हणत त्याने काठी खाली आणली. येसू अर्धं पाऊल डावीकडे सरकली, त्याचं मनगट धरलं आणि पिळलं. काठी मातीत पडली. तिला पुढचा डावही येत होता, त्यात कोपर तुटलं असतं. तिने तो केला नाही. मनगट धरून ठेवलं आणि राजाकडे वळून म्हणाली, "महाराज, आई म्हणते ते खरं आहे. ते मारायचे आणि मी पाय धरायचे. मला वाटायचं, धरणाऱ्याला मारत नाहीत."

राजाला तेव्हा राग आला. तेव्हा! दोन वर्षं जिंकलेल्यांच्या गळ्यात हार घालताना एकदाही त्याने त्यांचे हात बघितले नव्हते. आता मात्र तो सिंहासनावरून उठला आणि म्हणाला, "याला पहिल्या गलबतावर घाला. पुन्हा या बंदरात पाऊल टाकायचं नाही."

"का, महाराज?" म्हाळसाबाई म्हणाली. "दुसऱ्या बंदरात पोरं नाहीत?"

राजा पुन्हा सिंहासनावर बसला.

"हा इथे आला तेव्हा कोणत्यातरी बंदराने त्याला असंच गलबतावर घातलं असेल. त्यांनी एक पत्र धाडलं असतं तर माझ्या ओसरीवर अकरा पोरं आली नसती."

म्हणून मग वज्रगुरूला कुठेही पाठवलं नाही. त्याने पुन्हा कोणाला शिकवायचं नाही असा हुकूम झाला, आणि गावाच्या डोळ्यांसमोर त्याला मिठागरात कामाला लावलं. बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक गलबताबरोबर त्याचं नाव आणि त्याची करणी लिहिलेलं पत्र गेलं. आखाड्याची भिंत लोकांनी त्याच संध्याकाळी पाडली. सगळ्यात जोरात पहार मारत होता कोंडूचा बाप. मारता मारता रडत होता.

राजाने म्हाळसाबाईला बक्षीस देऊ केलं, तेव्हा ती इतकी भडकली की प्रधान दोन पावलं मागे सरकला. "बक्षीस कशाचं? पहिला हात बांधला तेव्हा मला ओळखता आलं नाही, ते जाऊ द्या. चौथ्या हाताला ओळखलं होतं. त्यानंतरचे सात हात माझ्या गप्प बसण्याने मोडलेत. त्याचं बक्षीस देता?"

येसूला पहाऱ्यात घेतलं नाही. तिनेही मागितलं नाही. त्या अकरा जणांच्या घरी रोज सकाळी जाऊन हाताला तेल लावायचं, असं तिने स्वतःच ठरवलं. नऊ जणांनी लावू दिलं. दोघांनी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. कोंडूचा हात थोडा वाकडाच राहिला. मोठे रांजण त्याला जमले नाहीत. तो पणत्या आणि वाडगे करू लागला. सगळं पहिल्यासारखं झालं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हाड जुळतं, पण पाऊस आला की दुखतं.

वर्षभराने वस्तादाच्या तालमीतला एक पोरगा निसटलेला खांदा घेऊन ओसरीवर आला. म्हाळसाबाईने खांदा बसवला, हात गळ्यात बांधला. मग पदर खोचला, पोराला बरोबर घेतलं, आणि मैदान ओलांडून सरळ तालमीत शिरली. लढती चालल्या होत्या. सगळ्या पोरांदेखत तिने विचारलं, "वस्ताद, हा खांदा कसा उतरला?"

लढती थांबल्या. वर्षापूर्वीचा वस्ताद असता तर म्हणाला असता, बाई, तालमीत येऊन असं विचारायचा रिवाज नाही. या वस्तादाने हातावरची माती झटकली, त्या पोराला आणि त्याच्या जोडीदाराला पुढे बोलावलं, आणि दोघांना तो डाव सावकाश, पहिल्यापासून करून दाखवायला सांगितला. म्हाळसाबाई मातीच्या कडेला बसली आणि शेवटपर्यंत बघत राहिली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, तात्पर्य हे ध्यानात ठेवा: जखम बांधली म्हणजे निम्मंच काम झालं, जखम कोणी केली हे सगळ्यांसमोर विचारलं, तर ते पुरं होतं. आणि जो जाणूनही गप्प बसतो, तो मारणाऱ्यासाठी पाय धरून बसलेला असतो.